उतारावर अडकलेला दट्ट्या

मुळशीचे धरण मागे टाकून माणगावच्या दिशेने निघाले की ताम्हिणीनंतर रस्ता कोकणात उतरू लागतो. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, आणि मध्ये वळणांमागून वळणे. अशा घाटात चढणीला एखादी जुनी मोटारसायकल बंद पडली तर कोणाला नवल वाटणार नाही. आमची मात्र उतरताना अडकली. दोन वळणांमधल्या जवळजवळ सपाट तुकड्यावर इंजिन जरा जोराने ओढून आम्ही ॲक्सिलरेटर नुकताच बंद केला होता. गाडी स्वतःच्या वजनाने खाली चालली होती. एकाएकी मागचे चाक कोणीतरी घट्ट धरल्यासारखे थांबले, डांबरावर रबराचा काळा पट्टा उमटला आणि गाडीचे बूड एका बाजूला सरकू लागले. चालवणाऱ्याने सवयीने क्लच दाबला, म्हणून चाक सुटले आणि गाडी कड्याच्या बाजूला उभी राहिली. दरीच्या बाजूला सरकली असती तर हा लेख लिहायला आमच्यापैकी एकजण कमी असता.

आम्ही म्हणजे एका संशोधन संस्थेत काम करणारे दोघे आणि मुळशी तालुक्यातल्या शाळेत विज्ञान शिकवणारा तिसरा मित्र. गाडी तिघांच्या मालकीची. १९७९ सालची येझ्दी रोडकिंग. अर्ध्या तासाने इंजिन निवले, तेव्हा किक हळूच खाली गेली आणि गाडी पुन्हा सुरूही झाली. पौडला परत आल्यावर मिस्त्रींनी नुसता आवाज ऐकून सांगितले, “सर, पिस्टन पकडलाय. खोलावं लागेल.”

गाडीला काही काम नसताना, नुसती उतारावर घरंगळत असताना, पिस्टन पकडतो कसा? हा प्रश्न आम्हाला पुढचे दोन महिने पुरला. आणि उत्तर शोधताना लक्षात आले की ही गाडी ‘रानात चालणारी’ करण्यासाठी हौसेने जे जे बदल आम्ही केले होते, त्यांतल्या तिघांचा या अपघातात हात होता.

आधी गाडीविषयी थोडे. ‘जावा’ हे नाव यानेचेक आणि वाँडरर या दोन नावांच्या आद्याक्षरांवरून आले. १९२९ मध्ये चेकोस्लोव्हाकियात ही कंपनी निघाली. १९६० मध्ये म्हैसूरला ‘आयडियल जावा’ स्थापन झाली, पुढल्या वर्षी तिथे गाड्या बनू लागल्या, आणि १९७० च्या दशकात त्यांच्यावर ‘येझ्दी’ हे नाव आले. इराणमधल्या यझ्द शहरावरून. कारखाना चालवणारे कुटुंब मूळचे तिकडचे. रोडकिंग १९७८ ची आणि कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. २०२२ मध्ये येझ्दी नाव पुन्हा बाजारात आले, पण त्या नव्या गाड्यांचे इंजिन चार टप्प्यांचे आणि पाण्याने थंड होणारे आहे. जुन्या येझ्दीशी त्यांचे नाते नावापुरते.

या घराण्याला रानाचे वेड जुनेच. जावाची भावंड कंपनी सेझेत हिच्या टू-स्ट्रोक गाड्यांवर १९६० च्या दशकात मोटोक्रॉसची जागतिक अजिंक्यपदे जिंकली गेली. बेल्जियमच्या जोएल रॉबेरने १९६४ मध्ये २५० सीसी गटात ते मिळवले. तेव्हा खडकाळ वाटांसाठी येझ्दी निवडण्यात आमचा अगदीच वेडेपणा नव्हता. दणकट सांगाडा, साधे इंजिन, आणि पुण्या-मुंबईत अजून मिळणारे सुटे भाग.

आता इंजिनाच्या आत डोकावू. सिलिंडरचा व्यास ६५ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. आकारमान काढायला मुलांना सांगा. सुमारे २४९ घन सेंटिमीटर येते, म्हणजेच ‘अडीचशे सीसी’. चार टप्प्यांच्या इंजिनात दट्ट्याखालच्या पेटीत तेल भरलेले असते व ते सगळीकडे उडत किंवा पंपाने फिरत राहते. टू-स्ट्रोकमध्ये ही सोय नाही, कारण इथे खालची पेटी हाच पंप आहे. दट्ट्या वर जातो तेव्हा पेटीत पेट्रोल व हवेचे मिश्रण ओढले जाते. तो खाली येतो तेव्हा हेच मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या वाटांनी दट्ट्याच्या वरच्या बाजूला शिरते. या पेटीत तेल भरून ठेवले तर तेही धुराबरोबर निघून जाईल. म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे. पेट्रोलची वाफ होते, तेलाचे बारीक थेंब बेअरिंगवर आणि सिलिंडरच्या भिंतीवर बसतात, आपले काम करतात आणि शेवटी जळतात. जुन्या टू-स्ट्रोकच्या मागे निळा धूर दिसतो तो याच तेलाचा.

आम्ही लिटरला ४० मिलिलिटर तेल घालतो, म्हणजे १ ला २५. वर्गात देण्याजोगे एक उदाहरण: टाकीत असे ३ लिटर मिश्रण शिल्लक आहे. घाईत त्यात ५ लिटर नुसते पेट्रोल भरले आणि तेल घालायचे राहिले. आता प्रमाण किती? तीन लिटर मिश्रणात तेल ३/२६ लिटर, म्हणजे सुमारे ११५ मिलिलिटर. उरलेले सगळे पेट्रोल. उत्तर १ ला ६८ च्या आसपास येते. ही चूक आमच्या हातून झाली नव्हती, हे आम्ही आधी तपासले. टाकीतले मिश्रण बरोबर होते.

मग तेल गेले कुठे? ते कुठे गेले नव्हते, सिलिंडरमध्ये पुरेसे आलेच नव्हते. टू-स्ट्रोकमधली खरी गोम इथे आहे. चार टप्प्यांच्या इंजिनात तेलाचा पुरवठा इंजिनाच्या वेगाप्रमाणे होतो. आमच्या इंजिनात तो पेट्रोलच्या पुरवठ्याप्रमाणे होतो, म्हणजे ॲक्सिलरेटरप्रमाणे. सपाट रस्त्यावर या दोहोंत फरक पडत नाही, कारण वेग वाढवायला ॲक्सिलरेटर उघडावाच लागतो. घाट उतरताना मात्र दोन्ही सुटे होतात. गाडी गिअरमध्ये आहे, चाक इंजिनाला फिरवते आहे, दट्ट्या मिनिटाला काही हजार वेळा वरखाली होतो आहे. आणि ॲक्सिलरेटर बंद असल्याने पेट्रोल, व त्याबरोबर तेल, येते ते केवळ इंजिन जागच्या जागी धुगधुगत ठेवण्यापुरते. धावपळ पूर्ण, वंगण नाममात्र.

ही अडचण जुनी आणि माहीत असलेली. स्वीडनची साब कंपनी टू-स्ट्रोक मोटारी बनवत असे. त्यांच्यात सायकलसारखी फ्रीव्हीलची सोय असे. चालकाने पाय उचलला की चाके सुटी फिरत आणि इंजिन आपल्या संथ चालीवर येई. जुने येझ्दीवाले हेच काम हाताने करतात: लांब उतारावर अधूनमधून क्लच दाबायचा आणि ॲक्सिलरेटर क्षणभर उघडून इंजिनाला एक घोट पाजायचा. आम्हाला ही युक्ती ठाऊक होती. आचरणात मात्र नव्हती.

पण मग इंजिनाने उतारावर गाडीला धरून ठेवायचेच कशाला, ब्रेक आहेत की! इथे थोडा हिशेब करावा लागेल. गाडी, चालवणारा व सामान मिळून सुमारे २१० किलो वस्तुमान. धरणाच्या पातळीपासून घाटाच्या पायथ्यापर्यंत उतार सुमारे ५०० मीटरचा धरू. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला तर १० लाख ज्यूलच्या थोडे वर उत्तर येते. वेग तेवढाच ठेवून खाली पोचायचे तर ही सगळी ऊर्जा उष्णता होऊन कुठेतरी गेली पाहिजे. एवढ्या उष्णतेने सव्वातीन लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत तापते. यातला काही भाग हवेचा विरोध आणि टायर घेतात. बाकीचा ब्रेकने घ्यायचा की इंजिनाने, एवढीच निवड. जुन्या येझ्दीचे ब्रेक ड्रमचे, चहूबाजूंनी बंद. ते तापले की त्यांची पकड सैल होते. म्हणून घाटात खालचा गिअर लावा हा सल्ला योग्यच आहे, पण तो देणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा चार टप्प्यांचे इंजिन असते.

जाता जाता: मुळशी धरणाचे पाणीसुद्धा साधारण याच उंचीवरून भिऱ्याच्या वीजघराकडे उतरते. तिथे लिटरमागे सुमारे ४९०० ज्यूल हाती लागतात आणि त्यांची वीज होते. आमच्या दहा लाख ज्यूलची झाली फक्त उष्णता. ज्या धरणासाठी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून मावळ्यांनी सत्याग्रह केला, ते हेच. बुडालेल्या गावांचा हिशेब कुठल्याच ज्यूलमध्ये मांडता येत नाही, तो वेगळा.

आता आमच्या कर्तबगारीकडे वळू. पहिला बदल चेनच्या दातेरी चक्रांचा. खडकाळ चढावर काय लागते? १५ अंशांच्या चढावर २१० किलोची गाडी चढवायला सुमारे ५३५ न्यूटन बल हवे. ताशी २० किलोमीटरने चढलो तर शक्ती लागते ३ किलोवॅट, म्हणजे चार अश्वशक्ती. एवढी शक्ती येझ्दीत सहज आहे. कमी पडते ती एवढ्या संथ चालीवर चाकाला पिळून देण्याची ताकद. त्यावर सोपा इलाज म्हणजे पुढचे चक्र लहान करणे. समजा पुढे १८ दाते आणि मागे ४५ आहेत. पुढे १६ केले तर गुणोत्तर २.५ चे २.८ होते आणि चाकाला मिळणारे बल साडेबारा टक्क्यांनी वाढते. फुकट मात्र काही मिळत नाही. त्याच वेगाला आता इंजिनही साडेबारा टक्के जास्त फिरते. घाट चढताना हा फायदा. उतरताना, बंद ॲक्सिलरेटरवर, हाच तोटा: कोरड्या भिंतीवर दट्ट्याच्या फेऱ्या तेवढ्या वाढल्या.

दुसरा बदल हवेच्या फिल्टरचा. मूळची फिल्टरची पेटी काढून आम्ही लहान उघडा फिल्टर लावला. इंजिनाला ‘मोकळा श्वास’ मिळावा म्हणून. कार्बुरेटरमध्ये पेट्रोल वर ओढले जाते ते दाबाच्या फरकाने. पेटीचा अडथळा असतो तेव्हा कार्बुरेटरच्या तोंडाशी दाब किंचित कमी असतो आणि त्यामुळे पेट्रोल जरा जास्त ओढले जाते. कंपनीने जेटचे भोक हे धरूनच ठरवलेले असते. अडथळा काढला आणि जेट तोच ठेवला, तर हवा भरपूर आणि पेट्रोल कमी. अशा विरळ मिश्रणावर इंजिन जास्त तापते. आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी याचा अर्थ तेलही कमी. एका बाजूने आग वाढली, दुसऱ्या बाजूने वंगण घटले.

तिसरा बदल सायलेन्सरचा, आणि यात विज्ञान सर्वांत जास्त आहे. येझ्दीच्या एकाच सिलिंडरला दोन नळ्या आणि दोन लांब सायलेन्सर असतात. आम्ही ते काढून एक आखूड सरळ नळी बसवली. वजन कमी होते, दगडावर आपटत नाही, आणि (कबूल करायला हरकत नाही) आवाज छान येतो.

टू-स्ट्रोकमध्ये जळलेला वायू बाहेर जाण्याचे आणि ताजे मिश्रण आत येण्याचे दार काही काळ एकदमच उघडे असते. त्यामुळे ताज्या मिश्रणाचा बराच भाग न जळताच बाहेर निसटतो. ही नासाडीच या इंजिनाला पुढे प्रदूषणाच्या नियमांपुढे टिकू देईना. पण निसटणारे मिश्रण परत आत ढकलायची एक युक्ती आहे. दार उघडताच दाबाची एक लाट नळीतून निघते. नळीचा आकार पुढे बदलला तर लाटेचा काही भाग परावर्तित होतो, डोंगरावरून आलेल्या प्रतिध्वनीसारखा. तो प्रतिध्वनी दार बंद होण्याच्या जरा आधी पोचला, तर बाहेर पडू पाहणाऱ्या मिश्रणाला आत लोटतो. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वाल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात या कल्पनेला पक्के रूप दिले. १९६१ मध्ये त्यांचा चालक एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला, जपानच्या सुझुकीला जाऊन मिळाला, आणि पुढच्याच वर्षी सुझुकीवर ५० सीसीचा जगज्जेता झाला. प्रतिध्वनीसाठी हेरगिरी झाल्याचे दुसरे उदाहरण आम्हाला माहीत नाही.

ही नळी किती लांब हवी? इंजिन मिनिटाला ५००० फेरे करत असेल तर एका फेऱ्याला १२ मिलिसेकंद लागतात. बाहेरचे दार ३६० पैकी साधारण १६० अंश उघडे असते असे धरू. म्हणजे ५.३ मिलिसेकंद. लाट ४.५ मिलिसेकंदांत जाऊन परत यायला हवी. तापलेल्या धुरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर धरला, तर जाऊन-येऊन सव्वादोन मीटर, म्हणजे परावर्तन सुमारे १.१ मीटरवर हवे. इंजिन २५०० फेऱ्यांवर चालवायचे असेल तर वेळ दुप्पट आणि लांबीही दुप्पट. यावरून उघड आहे की संथ चढणीसाठी नळी लांब हवी. आम्ही ती आखूड केली. आवाज वाढला आणि खालच्या फेऱ्यांवरची ओढ गेली. परिणामी प्रत्येक चढावर इंजिन जास्त फिरवावे लागू लागले. दातेरी चक्र बदलून जे कमावले होते ते इथे घालवले आणि वर उष्णता घेतली.

तरीही दट्ट्या अडकला कसा, ते राहिलेच. दट्ट्या ॲल्युमिनिअमचा, सिलिंडर बिडाचा. तापमान एका अंशाने वाढले की ॲल्युमिनिअम दहा लाखांत सुमारे २३ भाग प्रसरण पावते, बीड ११ भाग. ६५ मिलिमीटर व्यासाला १०० अंशांची वाढ दिली तर दट्ट्या ०.१५ मिलिमीटरने फुगतो आणि सिलिंडर ०.०७ ने. फरक ०.०८ मिलिमीटर, साधारण एका केसाइतका. थंड असताना दोघांत ठेवलेली फट याच मापाची असते. त्या फटीत तेलाचा पातळ थर. आता घाटातले चित्र पाहा. बराच वेळ ॲक्सिलरेटर बंद, भिंत कोरडी होत चाललेली. मग सपाट तुकड्यावर आम्ही इंजिन एकदम ओढतो. विरळ मिश्रणाच्या ज्वाळेने दट्ट्याचे पातळ डोके झटकन तापते. सिलिंडर जड आणि वाऱ्यात उघडा, तो मागे राहतो. फट संपते आणि ॲल्युमिनिअम भिंतीला खरवडून चिकटते. अर्ध्या तासात दोन्ही निवतात, दट्ट्या आकसतो, किक पुन्हा खाली जाते. जादू वाटावी असे हे प्रकरण एका गुणाकारात सुटते.

पुराव्याला दट्ट्याच होता. मिस्त्रींनी तो हातात दिला तेव्हा धूर बाहेर जाण्याच्या बाजूला उभे खरचटलेले पट्टे स्पष्ट होते. ही बाजू नेहमीच जास्त तापते. चारही कोपऱ्यांना सारखे पट्टे असते, तर थंड इंजिन एकदम पळवले असे मिस्त्री म्हणाले असते. आत येण्याच्या बाजूलाही पुसट ओरखडे होते. तेवढ्यावरून त्यांनी ‘तेल कमी आणि गरमी जास्त, दोन्ही’ असा निकाल दिला. आमच्या दोन महिन्यांच्या आकडेमोडीतून निघाला तोही हाच. त्यांना पाच मिनिटे लागली होती.

टायरविषयी थोडक्यात. मागच्या चाकावर १२० किलोचा भार आणि हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला २ किलो असेल, तर टायर जमिनीला साधारण ६० चौरस सेंटिमीटर टेकतो. दाब निम्मा केला की टेकण्याची जागा दुप्पट होते आणि चिखलात पकड वाढते. अति कमी केला तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतो. गुंड्यागुंड्यांचे टायर आम्ही लावले होते आणि पहिल्याच पावसाळ्यात काढले. त्याचे कारण यंत्रात नव्हते. धरणाच्या वरच्या अंगाला एका माळावर ओल्या गवतातून आम्ही तीन-चार वेळा गाडी नेली. श्रावणात पुन्हा गेलो तेव्हा चाकोरीची घळ झाली होती आणि तांबडे पाणी तिच्यातून धावत होते. पातळ मातीच्या सड्यांवर पावसाळ्यात जी इवली फुले येतात, त्यांच्या मुळांना धरायला काही इंचच माती असते. ताम्हिणीचा मोठा भाग २०१३ पासून अभयारण्य आहे, तिथे वाट सोडून चाक घालणे गुन्हाच. पण आमचा माळ अभयारण्याच्या बाहेर होता, आणि घळ आमचीच होती.

कायद्याची बाजूही नंतर वाचली, आधी वाचायला हवी होती. नोंदणीच्या वेळच्या मूळ तपशिलांत फरक पडेल असे बदल करायला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केले. २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘विंटेज’ म्हणून नोंद होते ती ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीचीच. अशी गाडी रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आमची येझ्दी अजून त्या वयाची नाही. होईल तेव्हा मूळ रूपात असावी, एवढे तिघांचे ठरले.

सिलिंडर लेथवर घासून घेतला, मोठ्या मापाचा दट्ट्या घातला, जुने दोन्ही सायलेन्सर माळ्यावरून काढून बसवले, फिल्टरची पेटी परत लावली. पुढचे चक्र मात्र १६ चेच ठेवले आहे. त्यावर आमच्यात अजून वाद आहे. नवा दट्ट्या पहिले काही शे किलोमीटर हळू चालवायचा असतो, म्हणून सध्या पौड ते धरण आणि परत, एवढीच फेरी. अडकलेला दट्ट्या मित्राच्या शाळेत प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. नववीच्या मुलांनी स्क्रू गेजने त्याची वेगवेगळ्या उंचीवर मापे घेतली, तर डोके बुडापेक्षा थोडे लहान निघाले. ‘झिजला असेल’ असे बहुतेकांचे मत पडले. एका मुलीने मात्र विचारले, जो भाग जास्त तापणार, तो मुळातच लहान बनवला असेल का? नव्या दट्ट्याच्या खोक्यात जुना एक न वापरलेला दट्ट्या मिस्त्रींकडे पडला आहे. तो मोजायला मुले येत्या शनिवारी पौडला जाणार आहेत.